बहुभाषिक देशाने एकच राष्ट्रभाषा स्वीकारावी काय?

मूळ प्रश्न

ज्या देशात अनेक भाषिक समाज पिढ्यानपिढ्या एकत्र नांदत आले आहेत, त्या देशाने कायदा करून त्यांपैकी एका भाषेला राष्ट्रभाषेचा दर्जा द्यावा काय, यावर अभ्यासू सदस्यांची मते कळावीत म्हणून हा धागा काढत आहे. निमित्त अमेरिकेचे आहे. मार्च २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवले. त्याआधी सुमारे अडीचशे वर्षे संघराज्याच्या पातळीवर त्या देशाला अशी कोणतीही घोषित भाषा नव्हती, आणि तरीही तेथील संसद, न्यायालये आणि सैन्य यांचे कामकाज इंग्रजीतच चालत होते. जे आधीपासून होते त्यावर शिक्कामोर्तब करण्याची गरज का भासावी, असा प्रश्न मला पडला.

माझे स्वतःचे मत अजून ठरलेले नाही. ज्या नागरिकांना एकमेकांची भाषणे आणि वर्तमानपत्रे समजत नाहीत, त्यांनी मिळून एक सरकार निवडायचे आणि त्याला जाब विचारायचा, हे अवघड आहे, याबद्दल शंका नाही. परंतु ज्या दिवशी एका गटाची मातृभाषा देशाची भाषा ठरते, त्या दिवसापासून त्या गटातील मुलाला जे घरबसल्या मिळते ते मिळवण्यासाठी इतरांच्या मुलांना शाळेची दहा वर्षे खपावे लागते, आणि नोकरीच्या स्पर्धेत हे अंतर क्वचितच पूर्णपणे भरून निघते. अशी घोषणा करून ज्यांना यश आले ते देश कोणते, त्यांना नेमके काय साधले, आणि जे फसले ते कशामुळे फसले, यावर उदाहरणांसह चर्चा व्हावी. आपल्या भाषेची थोरवी सांगणारे प्रतिसाद कृपया टाळावेत. त्यासाठी इतर धागे आहेत.

प्रतिसाद १

मी एका सामायिक भाषेच्या बाजूचा आहे, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत.

धर्माच्या बाबतीत राज्य अलिप्त राहू शकते, कारण कोणतीही प्रार्थना न म्हणता करवसुली करता येते. भाषेच्या बाबतीत ही सोय नाही. कायदा कोणत्या तरी भाषेत लिहावाच लागतो, सैनिकाला आज्ञा कोणत्या तरी भाषेत द्यावीच लागते, आणि स्पर्धा परीक्षेची प्रश्नपत्रिका कोरी ठेवता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही कोणतीच भाषा निवडलेली नाही’ असे म्हणणारे सरकारही निवड करतच असते. ती फक्त चर्चेविना होते आणि बहुधा जुन्या राज्यकर्त्यांच्या भाषेच्या पथ्यावर पडते. स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेतील अनेक देशांत हेच घडले. स्थानिक भाषांपैकी कोणती निवडावी यावर एकमत होईना, म्हणून फ्रेंच, इंग्रजी किंवा पोर्तुगीज तूर्तास राहू द्यावी असे ठरले, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेली ती भाषा पुढे जागची हलली नाही. माली १९६० मध्ये स्वतंत्र झाला. फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून तो आपल्या देशी भाषांना देण्यासाठी त्याला २०२३ च्या संविधानापर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही कामकाजाची भाषा म्हणून फ्रेंच राहिलीच.

याउलट टांझानिया पाहा. शंभराहून अधिक भाषा असलेल्या त्या देशात स्वाहिली ही मुख्यतः किनारपट्टीवरील लोकांची भाषा होती, पण व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती फार पूर्वीच आतल्या मुलखात पोहोचली होती. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण तिच्यात आणले, कारभारात ती रुजवली, आणि एका पिढीत देशभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता येऊ लागले. तेथील राजकारण जमातींच्या भांडणात फारसे अडकले नाही, याचे थोडे तरी श्रेय या धोरणाला दिले जाते. इंडोनेशियाचे उदाहरण याहूनही मोठे आहे. देश हातात येण्याच्या सतरा वर्षे आधी, २८ ऑक्टोबर १९२८ रोजी, डच अमलाखालील बेटांवरच्या तरुणांनी परिषदेत शपथ घेतली, आणि तिच्यात एक मातृभूमी व एक राष्ट्र यांच्या जोडीला एकतेची भाषा म्हणून इंडोनेशियनचा उल्लेख केला. सातशेच्या आसपास भाषांच्या त्या देशात आज शाळा, न्यायालये आणि दूरचित्रवाणी हे सर्व त्या भाषेत चालते.

आणखी एक मुद्दा गरिबांचा आहे. जी भाषा राज्याने घोषित केली, ती प्रत्येकाला फुकट शिकवण्याची जबाबदारी राज्यावर येते. जी भाषा घोषित न होता सत्तेवर बसते, ती ज्याच्या खिशात पैसे असतील तो विकत घेतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष लेखकाने काढला त्याहून वेगळा आहे, असे मला वाटते. इंडोनेशियात सर्वांत मोठा गट जावानीज बोलणाऱ्यांचा होता आणि आजही आहे. लोकसंख्येच्या जोरावर भाषा ठरवायची असती, तर जावानीजचे पारडे जड होते. तरीही निवड झाली ती मलय भाषेची, जी बंदरांतून आणि बाजारांतून सगळ्यांच्या तोंडी रुळलेली होती आणि जिला कोणताही बलाढ्य गट केवळ आपली म्हणू शकत नव्हता. बहुसंख्याकांनी येथे हात आखडता घेतला, आणि तो देश भाषेवरून फुटला नाही.

मग कोणी म्हणेल की सूत्र सापडले: ज्या भाषेवर कोणाचीच मालकी नाही ती निवडावी. प्रकरण इतके सोपे नाही, कारण पाकिस्तानने वरवर पाहता तेच केले होते. उर्दू ही पश्चिम पाकिस्तानातील कोणत्याही मोठ्या प्रांताची मातृभाषा नव्हती. पंजाबी, सिंधी, पश्तो आणि बलुची भाषकांच्या घरात ती बोलली जात नव्हती. या कसोटीवर ती तटस्थच ठरायला हवी. पण पंजाबात ब्रिटिश काळापासून शाळा आणि कचेऱ्या उर्दूत चालत होत्या, त्यामुळे तेथील शिकलेल्या वर्गाला ती आयती हाती होती. पूर्व बंगालात तसे नव्हते. तेथे निम्म्याहून अधिक पाकिस्तान राहत होता, आणि त्याची भाषा स्वतःची लिपी व समृद्ध साहित्य असलेली होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये धीरेंद्रनाथ दत्त यांनी संविधान सभेत बंगालीतही बोलण्याची मुभा मागितली, ती नाकारली गेली. पुढच्याच महिन्यात जिनांनी ढाक्यात जाऊन उर्दू आणि केवळ उर्दूच राज्यभाषा होईल, असे जाहीर केले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या संविधानाने बंगालीला उर्दूच्या बरोबरीचे स्थान दिले खरे, पण तोवर भाषेची तक्रार ही वाटा नाकारला गेल्याच्या व्यापक तक्रारीत मिसळून गेली होती, आणि ती १९७१ पर्यंत शमली नाही.

म्हणून मला कसोटी अशी वाटते: घोषणेच्या दिवशी ती भाषा कोणाला आधीच येते, आणि ज्यांना येत नाही त्यांची नोकरी, बढती आणि खटला यांचे काय होते?

श्रीलंकेचे उदाहरण या कसोटीवर तपासण्यासारखे आहे, कारण तेथील मूळ तक्रार खोटी नव्हती. इंग्रजी येणाऱ्या मूठभरांच्या हाती कारभार होता आणि सामान्य सिंहली माणूस दाराबाहेर उभा होता. १९४४ मध्ये तेथील विधिमंडळाने यावर जो ठराव केला, त्यात सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांना स्थान होते. बारा वर्षांनी, १९५६ च्या कायद्यात, फक्त सिंहली उरली. इंग्रजीविरुद्ध उपसलेले हत्यार शेजाऱ्यावर चालले. सरकारी सेवेतील तमिळ कर्मचाऱ्यांपुढे सिंहली परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली, आणि ज्यांनी ती दिली नाही वा ज्यांना ती जमली नाही त्यांच्या वेतनवाढी आणि बढत्या अडल्या. तमिळला अधिकृत दर्जा मिळाला तो १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. यादवी युद्ध पेटून तेव्हा चार वर्षे झाली होती.

प्रतिसाद ३

चर्चेत राष्ट्रभाषा आणि राज्यकारभाराची भाषा यांची गल्लत होत आहे. कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लक्झेंबर्गने १९८४ च्या कायद्यात हे नीट वेगळे केले: राष्ट्रभाषा लक्झेंबर्गिश, कायदे करण्याची भाषा फ्रेंच, आणि प्रशासन व न्यायालयांसाठी फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गिश या तिन्ही. पहिली ओळख सांगते, बाकीच्या काम करतात.

भारताच्या संविधानात कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही, ही गोष्ट आपल्याकडे शिकलेली माणसेही विसरतात. सप्टेंबर १९४९ मध्ये झालेल्या तडजोडीतून, जिला मुन्शी-अय्यंगार सूत्र म्हणतात, देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा झाली आणि इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपत आली तेव्हा त्यानंतरही इंग्रजी वापरता येईल असे सांगणारा १९६३ चा कायदा आला. २६ जानेवारी १९६५ च्या सुमारास मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन उसळले, त्यात जीव गेले. आणि १९६७ च्या दुरुस्तीने असे ठरले की, ज्या राज्यांनी हिंदी राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही त्या सर्वांच्या विधिमंडळांनी आणि मग संसदेने ठराव केल्याखेरीज इंग्रजीचा वापर थांबणार नाही. घोंगडे भिजत ठेवले, अशी टीका यावर होते आणि ती खरीही आहे. परंतु ज्या निर्णयाने कोणाचा तरी पूर्ण पराभव झाला असता, तो निर्णय पुढे ढकलत राहणे हेही धोरणच होते, आणि वर सांगितलेल्या दोन शेजाऱ्यांच्या तुलनेत ते कितीतरी कमी रक्त सांडून निभावले. राज्यांना आपापल्या राजभाषा ठरवण्याची मोकळीक असल्यामुळे सामान्य माणसाचा रोजचा सरकारशी संबंध बहुतांशी त्याच्याच भाषेत येतो, आणि दिल्लीतील भाषेचा प्रश्न त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिसाद ४

मी न्यायालयीन भाषांतराचे काम करतो, म्हणून या विषयाकडे माझे पाहणे खालून वर असे आहे. घोषणा संसदेत होते. तिचा अर्थ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कळतो.

साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो. बोलताना तो अडखळतो, मागे येतो, ‘बहुतेक’ असे म्हणतो. दुभाषी ते न्यायालयाच्या भाषेत सांगतो. न्यायाधीश त्याचा सारांश करून मजकूर सांगतात आणि तो टंकलिखित होतो. शेवटी कागद साक्षीदारापुढे येतो आणि जी लिपी त्याला वाचता येत नाही तिच्याखाली तो सही करतो किंवा अंगठा उमटवतो. आरोपीला वळणावरून येताना पाहिले असे म्हणणारा माणूस नोंदीत आरोपी घटनास्थळी हजर असल्याचे सांगणारा होतो, आणि सहा वर्षांनी अपिलात वकील त्याच वाक्यावर युक्तिवाद करतात. यात कोणाचाही दुष्टपणा नसतो. दुपारी आणखी चार साक्षी घ्यायच्या असतात, एवढेच.

त्यामुळे एखाद्या देशाने कोणती भाषा घोषित केली, यापेक्षा घोषणेबरोबर काय दिले आणि काय काढून घेतले, हे मी आधी पाहतो. धागाकर्त्यांनी अमेरिकेच्या आदेशाबद्दल विचारले आहे. त्याचे उत्तर त्या आदेशाच्या रद्द करण्याच्या कलमात आहे. इंग्रजी नीट न येणाऱ्या लोकांना सरकारी सेवा समजेल अशा रीतीने मिळावी, यासाठी संघीय खात्यांनी व्यवस्था करावी, असा एक आदेश २००० साली काढण्यात आला होता. नव्या आदेशाने तो मागे घेतला. भाषांतरित कागद आणि सेवा बंद कराव्यात, असे नव्या आदेशात म्हटलेले नाही, पण ती देण्यासाठी असलेला रेटा गेला. मला विचाराल तर शिक्कामोर्तबापेक्षा ही बाब अधिक वजनाची आहे.

याउलट फिनलंडची पद्धत मला आवडते, कारण तिच्यात भावनेला फार वाव नाही. तेथे फिनिश आणि स्वीडिश या दोन राष्ट्रभाषा आहेत. एखाद्या नगरपालिकेत दुसऱ्या भाषेचे लोक किमान ३,००० किंवा लोकसंख्येच्या ८ टक्के असतील, तर ती नगरपालिका द्विभाषिक ठरते आणि तिला दोन्ही भाषांत सेवा द्यावी लागते. हे दर दहा वर्षांनी तपासले जाते. आकडा ३,००० च्या खाली गेला तरी प्रमाण ६ टक्क्यांवर असेतोवर दर्जा टिकतो, म्हणजे काठावरच्या गावाला दर वेळी पाट्या बदलत बसावे लागत नाही. कोणाची भाषा थोर, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. माणसे मोजायची आणि कामाला लागायचे.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

प्रतिसाद ४ मधील साक्षीचा तपशील मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. साक्षीदार, न्यायाधीश आणि वकील यांना एक भाषा सामायिक असती, तर मधले तीन टप्पे गळाले असते.

सर्व भाषांना समान दर्जा देण्याचा मार्ग कागदावर उदार दिसतो. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या संविधानात ११ अधिकृत भाषा लिहिल्या आणि २०२३ मध्ये सांकेतिक भाषेला बारावे स्थान दिले. त्यामागील इतिहास समजण्यासारखा आहे. १९७६ मध्ये सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील मुले आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेच्या माध्यमसक्तीविरुद्धच रस्त्यावर आली होती. पण आज तेथील उच्च शिक्षण, वरची न्यायालये आणि मोठा व्यापार पाहिला, तर बहुतांशी इंग्रजीच दिसते. अकरा समान भाषांमधून व्यवहारात एकच वर आली, आणि ती कोणी मत देऊन निवडली नाही. भारताच्या बाबतीतही प्रतिसाद ३ ने ‘कमी रक्त’ मोजले, पण सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते आणि पक्षकाराला आपल्याच खटल्यात काय बोलले जात आहे ते कळत नाही, याचा हिशेब मांडला नाही.

आणि प्रत्येक गटाला त्याचा स्वतंत्र प्रदेश आखून द्यायचा म्हटले, तर बेल्जियम आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे भाषिक सीमा कायद्याने पक्की झाली. १९६८ मध्ये लुव्हेनच्या जुन्या विद्यापीठातील फ्रेंच विभागाने डच भाषक शहरातून बाहेर जाण्याचे ठरले, त्यासाठी सीमेपलीकडे नवे शहर वसवले गेले, आणि ग्रंथालयाची वाटणी करताना विषम क्रमांकांची पुस्तके एकीकडे व सम क्रमांकांची दुसरीकडे गेली. नियतकालिकांचे संचसुद्धा यातून सुटले नाहीत. हे शांततेत झाले, हे मान्य. पण याला एकत्र राहणे म्हणता येईल का, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

बेल्जियमच्या शेजारी स्वित्झर्लंडही आहे. तेथे जर्मन भाषक साठ टक्क्यांहून अधिक आहेत आणि तरीही त्यांनी जर्मन ही एकमेव भाषा करण्याचा आग्रह धरला नाही. उलट १९३८ मध्ये, शेजारी हुकूमशाहीने घेरलेले असताना, मतदारांनी रोमान्श या एक-दोन टक्के लोकांच्या भाषेला मोठ्या बहुमताने राष्ट्रभाषेचे स्थान दिले. सामायिक भाषा नसतानाही तो देश टिकला, तो कँटनांच्या, म्हणजे तेथील घटक राज्यांच्या, हाती खरी सत्ता असल्यामुळे. ज्या देशात सगळी सत्ता राजधानीत एकवटलेली असते, तेथेच राजधानीची भाषा हा जीवन-मरणाचा प्रश्न होतो. भाषेचे भांडण पुष्कळदा पैसा आणि अधिकार कोठे ठेवायचे या भांडणाचे दुसरे रूप असते, त्यामुळे अधिकार वाटले की भाषेचा ताण बराचसा आपोआप उतरतो.

सामायिक भाषा असावी, याला माझा विरोध नाही. ती आधी बाजारात आणि शाळेत रुजावी आणि कायद्याने मागाहून यावे, एवढेच म्हणणे आहे. इंडोनेशिया आणि टांझानियात हाच क्रम होता. ढाक्यात आणि कोलंबोत तो उलटा झाला.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. एक शंका उरते. फिनलंडची कसोटी दोन भाषांच्या देशात चालते, आणि स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा आहेत. पापुआ न्यू गिनीसारख्या देशाने काय करावे, जेथे आठशेहून अधिक भाषा आहेत आणि त्यांतील कित्येकींचे बोलणारे हजाराच्या आत आहेत?

प्रतिसाद ४ च्या लेखकाकडून

तेथे माणसे मोजून भागत नाही, हे खरे. त्या देशाच्या संसदेत टोक पिसिन मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. मळ्यांवर आणि बंदरांत एकत्र आलेल्या मजुरांमधून वाढलेली ही भाषा आता शहरांत अनेकांची मातृभाषाही झाली आहे. म्हणजे प्रतिसाद २ मध्ये सांगितलेला क्रम तेथे सरकारने न ठरवताच घडून आला. लेखी कायदा आणि वरचे शिक्षण मात्र इंग्रजीतच राहिले.

लहान भाषांसाठी तेथे १९९० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला: मुलांची शाळेची पहिली काही वर्षे शेकडो स्थानिक भाषांत सुरू करण्यात आली. कल्पना चांगली होती, पण त्या-त्या भाषेत शिकवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक आणि छापील पुस्तके त्या वेगाने तयार होऊ शकली नाहीत, आणि २०१० नंतर सरकार पुन्हा इंग्रजीकडे वळले. त्यामुळे इतक्या भाषांच्या देशात प्रत्येक खिडकीवर प्रत्येक भाषेचे वचन देऊ नये, असेच मी म्हणेन. पहिल्या तीन इयत्ता, दवाखाना आणि फौजदारी खटला या तीन ठिकाणी माणसाला त्याची भाषा मिळावी, आणि आधी पैसा घालायचा तो शिक्षकांच्या व दुभाष्यांच्या प्रशिक्षणात. राष्ट्रभाषेच्या कलमाचा मसुदा त्यानंतर पाहता येईल.